भीमा-घोडच्या काठचा मध

पवित्र शास्त्राची पाने चाळताना मध आपल्याला वारंवार भेटतो. इस्राएल लोकांना अभिवचन मिळाले ते दुधामधाच्या देशाचे. शमशोनाला सिंहाच्या कलेवरात मधाचे पोळे सापडले. योहान बाप्तिस्ता अरण्यात टोळ आणि रानमध खाऊन राहिला. दबोरा या न्यायाधीश स्त्रीच्या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थच मुळी ‘मधमाशी’ असा आहे. नीतिसूत्रांच्या कर्त्याने मध खाण्याची शिफारस केली आणि लगेच पुढच्या अध्यायात तो बेताने खावा, असा इशाराही दिला. पास्काच्या जागरणविधीत मोठी मेणबत्ती उजळली जाते, तेव्हा गायिल्या जाणाऱ्या प्राचीन स्तुतिगीतात मधमाश्यांच्या श्रमाचे कृतज्ञ स्मरण केलेले आहे. मिलानचे महागुरू संत अँब्रोज हे तर मधपाळांचे आश्रयदाते संत मानले जातात.

मधाशी असलेले आपले हे नाते इतके जुने असूनही मध म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. मध म्हणजे गोड पाक, अशीच बहुतेकांची समजूत असते. रसायनशास्त्राच्या तराजूत पाहिले तर ती अगदीच खोटी नाही. मधाचा सुमारे चार-पंचमांश भाग साखरेचा, त्यातही मुख्यतः फळसाखर व द्राक्षसाखर यांचा असतो. साधारण १७ ते २० टक्के पाणी असते. उरते ते अगदी थोडे. परंतु एका फुलाचा मध दुसऱ्या फुलाच्या मधाहून निराळा ठरतो तो या थोडक्या उरलेल्या भागामुळेच. त्यात मधमाशीने घातलेली विकरे असतात, आम्ले व क्षार असतात आणि वनस्पतींकडून आलेली काही गुणकारी द्रव्ये असतात. या शेवटच्या द्रव्यांचा मागोवा घेऊ लागलो की आपण वैद्यकाकडून वनस्पतिशास्त्राकडे आणि तेथून थेट आपल्या मुलखाच्या इतिहासाकडे येऊन पोहोचतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन तालुके समोर ठेवून तो मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्राचीनांची दृष्टी

मध सगळा सारखा नसतो, हे आपल्या पूर्वजांनी फार आधी ओळखले होते. चरकसंहितेत मधाचे चार प्रकार सांगितले आहेत : माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक. सुश्रुताने त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल यांची भर घालून ते आठ केले. हे वर्गीकरण मुख्यतः मध कोणत्या माशीचा आहे यावर आधारलेले असले, तरी प्रत्येक प्रकाराला वेगळे गुण चिकटवलेले आहेत. जखमेवर तूप व मध लावण्याची पद्धत सुश्रुताला ठाऊक होती. मध तापवू नये, हा आयुर्वेदाचा दंडकही सर्वपरिचित आहे.

मध ज्या झाडाचा, त्या झाडाचा गुण अथवा अवगुण घेऊन येतो, याचा पाश्चात्त्य जगातील सर्वांत गाजलेला दाखला ग्रीक लेखक झेनोफन याच्या लिखाणात सापडतो. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये काळ्या समुद्राच्या काठाने परतणाऱ्या ग्रीक सैनिकांनी तेथील मध खाल्ला आणि ते शुद्ध हरपून जमिनीवर कोसळले. एक-दोन दिवसांनी ते सावरले. हा मध ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचा होता आणि त्या वनस्पतीतील विष त्यात उतरले होते, असे आज मानले जाते. झाडाचे विष मधात येऊ शकते, तर झाडाचे औषधही येऊ शकेल, हे ओघानेच आले. मात्र ते किती येते आणि कोणत्या स्वरूपात येते, याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

दोन नद्यांमधला मुलूख

शिरूर घोडनदीच्या काठी वसले आहे. जुनी माणसे त्याला अजूनही ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. दौंड भीमेच्या काठी आहे. घोड पुढे भीमेलाच मिळते. मुळा-मुठेचे पाणीही याच मुलखात भीमेत येते. सह्याद्रीची शिखरे मागे पडलेली आणि पाऊस तिकडेच अडलेला, असा हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. दौंड परिसर पूर्वापार ‘भीमथडी’ म्हणून प्रसिद्ध होता आणि तेथील काटक तट्टांना मराठ्यांच्या इतिहासात मानाचे स्थान आहे.

असल्या कोरड्या मुलखात मध कोठून येणार, असे वाटणे साहजिक आहे. पण मधासाठी घनदाट अरण्यच हवे असे नाही. वर्षभर पाळीपाळीने फुलणारी झाडेझुडपे हवीत. ती येथे होती. नदीकाठी बाभळी, बांधावर कडुनिंब, ओढ्याच्या कडेला करंज, माळावर बोरी, गावकुसाला चिंचा, परसात शेवगा. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावाने तर आपल्या नावातच मोर आणि चिंच दोन्ही जपली आहेत. कडुनिंब चैत्राच्या सुमारास पांढऱ्या बारीक फुलांनी भरतो. त्यामागोमाग करंज आणि चिंच फुलतात. बोरीला पावसाळ्याच्या अखेरीस बहर येतो. शेतात करडई, तीळ, कारळा, तूर, धने आणि पुढे सूर्यफूल. ज्वारी-बाजरीला मकरंद नसतो, पण पराग असतो. बांधावरची एकदांडीसारखी क्षुल्लक रानफुलेसुद्धा लहान माश्यांना पोटापुरते देत असत.

माश्याही निरनिराळ्या. वडाच्या वा चिंचेच्या उंच फांदीला लोंबणारे मोठे मोहोळ ते आग्याचे. बोरी-बाभळीच्या काटेरी झुडपात हाताच्या पंजाएवढे एकच पोळे लावणारी ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत अंधारात समांतर पोळी बांधणारी सातेरी. सह्याद्रीच्या रानात ती विशेष आढळते. आणि नांगी नसलेली, चिमुकली पोयाची माशी. आग्या आणि फुलोरी या उघड्यावर राहणाऱ्या माश्या, त्यामुळे त्यांना पेटीत पाळता येत नाही. त्यांचा मध काढण्याची जुनी रीत म्हणजे रात्री धूर करून सगळे मोहोळ कापून पिळून घेणे. त्या मधात अळ्या, पराग, मेण असे सगळेच उतरे. गावोगाव हिंडणारे वैदू जडीबुटीबरोबर मध विकत. आजीच्या कपाटातील बाटलीत जो मध असे तो असा मिळालेला असे, आणि कफावर, भाजल्यावर, तोंड आल्यावर तो जपून वापरला जाई.

त्रिचिनापल्लीहून पुण्यापर्यंत

मोहोळ न मोडता मध काढण्याची विद्या आपल्याकडे पेटीबरोबर आली. हलत्या चौकटींची पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाळकाने १८५१ साली सिद्ध केली. परंतु ती युरोपीय माशीच्या मापाची होती. आपली सातेरी आकाराने लहान, तिला ती मोठी पडे. सातेरीला साजेशी लहान पेटी तयार करण्याचे श्रेय त्रिचिनापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर न्यूटन यांच्याकडे जाते. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी दक्षिणेतील अनेक ग्रामीण लोकांना मधुमक्षिकापालन शिकविले. ‘न्यूटन पेटी’ हे नाव मधपाळांच्या तोंडी पुढे कायमचे रुळले. एका मिशनरी अध्यापकाने खेड्यातील माणसाच्या हाती दिलेले हे साधन आपल्या समाजाने अभिमानाने स्मरावे असे आहे.

१९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाश्यापालनाला कुटीरोद्योग म्हणून उत्तेजन देण्याची शिफारस केली. गांधीजींच्या ग्रामोद्योगांच्या चळवळीतही त्याला स्थान मिळाले. महाराष्ट्रात या उद्योगाचे माहेरघर ठरले महाबळेश्वर. तेथील मधाचा शास्त्रीय अभ्यास हे पुण्याच्या संशोधकांचे काम. प्रा. आघारकर यांनी १९४६ साली स्थापिलेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेतील डॉ. जी. बी. देवडीकर आणि त्यांचे सहकारी सी. व्ही. ठकार यांनी महाबळेश्वरच्या डोंगरावरील मधदायी वनस्पतींच्या परागकणांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. मधाच्या थेंबात सापडणारे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की माशी कोणकोणत्या फुलांवर गेली होती हे ओळखता येते; प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाची घडण निराळी असते. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी ही महाबळेश्वरच्या मधाची प्रमुख झाडे. आर. पी. फडके यांनी १९६२ साली तेथील एकपुष्पी मधांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्याच १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू केली. मधाची ओळख त्याच्या झाडावरून करावयाची, हा विचार अशा रीतीने पुणे परिसरात सत्तर वर्षांपूर्वीच रुजला.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पेटीतील मधमाशी स्थिरावली ती मात्र उशिरा. सातेरीला येथील उन्हाळा मानवत नाही. युरोपीय मेलिफेरा माशी १९६२ मध्ये नगरोटा बागवान येथे यशस्वीपणे आणली गेली आणि हळूहळू देशभर पसरली. फुलोऱ्याच्या हंगामाप्रमाणे पेट्या गाडीत घालून गावोगाव फिरणारा मधपाळ आज आपल्याही शिवारात दिसतो तो या माशीमुळेच.

थेंबातील औषध

मध जंतूंना मारतो, ही गोष्ट प्रयोगशाळेत प्रथम नोंदविली गेली १८९२ साली, व्हान केटेल या डच संशोधकाकडून. १९३७ मध्ये जर्मनीतील डोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाला ‘इनहिबिन’ असे नाव दिले. हे इनहिबिन म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून हायड्रोजन पेरॉक्साइड होय, असे अमेरिकेतील जोनाथन व्हाइट यांनी १९६३ साली दाखवून दिले. मधमाशी मकरंदात आपल्या ग्रंथींमधील एक विकर मिसळते. त्या विकराची द्राक्षसाखरेवर क्रिया होऊन हे जंतुनाशक द्रव्य सावकाश तयार होत राहते. विकर उष्णतेने नष्ट होते. मध तापवू नये, या जुन्या दंडकाला अशी एक आधुनिक बाजूही आहे.

परंतु हा झाला माशीचा वाटा. वनस्पतीचा वाटा निराळा. झाडे आपल्या फुलांत, पानांत, परागात फ्लॅव्होनॉइड व फिनॉलिक आम्ले या गटांतील द्रव्ये तयार करतात. उन्हापासून, बुरशीपासून, किडीपासून स्वतःचे रक्षण करणे हा त्यांचा हेतू. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्रायसिन, कॅफिक आम्ल, गॅलिक आम्ल, कुमारिक आम्ल ही त्यांतील काही नावे. ती मधात तीन वाटांनी येतात : मकरंदातून, परागातून आणि माशीने गोळा केलेल्या राळेतून. मेलिफेरा माशी राळ आवडीने आणते. सातेरीला ती सवय फारशी नाही. त्यामुळे एकाच रानातील दोन माश्यांच्या मधातही फरक पडू शकतो. या द्रव्यांचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅमांत मोजण्याइतके असते. तरी पेशींची झीज करणाऱ्या ऑक्सिडीकरणाला आवर घालण्याचा गुण त्यांत प्रयोगशाळेत आढळला आहे.

कोणत्या झाडाचे कोणते द्रव्य, याचा छडा लावण्याचे मोठे काम १९९० च्या दशकात स्पेनमधील मुर्सिया येथील फेर्रेरेस, तोमास-बारबेरान प्रभृतींनी केले. संत्र्या-लिंबाच्या कुळातील फुलांच्या मधाची ओळख हेस्पेरेटिन या द्रव्याने पटते. निलगिरीच्या मधात मायरिसेटिन, ट्रायसेटिन, ल्युटिओलिन यांचा विशिष्ट मेळ सापडतो. १९९८ साली अमेरिकेत १४ एकपुष्पी मधांची तुलना झाली, तेव्हा ऑक्सिडीकरणरोधक गुणात सर्वांत दुबळा व सर्वांत समर्थ मध यांत सुमारे वीस पटींचा फरक आढळला. कुट्टूच्या फुलांचा काळपट मध सर्वांत वरचढ ठरला. साधारणपणे मध जितका गडद, तितकी ही द्रव्ये अधिक. मात्र मध तापवला किंवा जुना झाला तरीही काळवंडतो, तेव्हा केवळ रंगावर भिस्त ठेवता येत नाही.

न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधाची कथा सर्वांत उद्बोधक आहे. पेरॉक्साइड काढून टाकले तरी हा मध जंतू मारतो, असे तेथील पीटर मोलन यांच्या ध्यानात आले होते. त्यामागचे द्रव्य मिथिलग्लायॉक्सल होय, हे जर्मनीतील ड्रेस्डेन येथे २००८ साली सिद्ध झाले. त्याचे मूळ द्रव्य त्या झुडपाच्या मकरंदातच असते आणि मध पोळ्यात व पुढे बरणीत मुरत असताना त्याचे रूपांतर होते. ज्या झुडपाला तेथील शेतकरी एके काळी तण समजून उपटत असत, त्याच्यामुळे त्यांचा मध जगभर चढ्या भावाने जाऊ लागला.

हे वाचून आपल्या बोरीची आठवण होते. येमेनमधील ‘सिद्र’ मध जगातील महागड्या मधांत गणला जातो, तो बोरीच्याच जातभाईचा. आपल्या बोरीचा मध सिद्रच्या तोडीचा आहे असे म्हणणे घाईचे होईल. तसे म्हणायला तसे पृथक्करण हवे. कडुनिंबाच्या मधाविषयीही हाच विवेक बाळगावा. कडुनिंबाचा मध म्हणजे कडुनिंबाचा काढा नव्हे. झाडाची सगळी द्रव्ये त्याच्या मकरंदात उतरतात असे नाही. तरीपण माळावरच्या ज्या झाडांना आपण केवळ सरपण म्हणून पाहिले, त्यांच्याकडे पाहण्याची नवी दृष्टी या कथेने मिळावी.

ऊस आला, फुले गेली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भीमा-घोडच्या काठचे चित्र पालटले. १९६१ च्या पानशेतच्या प्रलयानंतर खडकवासल्याचे धरण नव्याने बांधले गेले आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी दौंड-इंदापूरकडे गेले. शिरूरला घोड धरणाचे आणि पुढे चासकमानचे पाणी मिळाले. पाटस येथे भीमा आणि न्हावरे येथे घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. केडगाव-यवतच्या परिसरात गुऱ्हाळांची धुराडी धुमसू लागली. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झुंजलेल्या कुटुंबांच्या घरी त्यामुळे चार पैसे आले, मुले शिकली. याबद्दल कोणी नाक मुरडू नये.

पण मधमाशीच्या दृष्टीने ऊस हे हिरवे वाळवंट आहे. उसाला मकरंद नाही. त्याच्या तुऱ्याचे काम वाऱ्यावर चालते आणि बहुधा त्याआधीच तो तोडला जातो. बांध नांगरले गेले, तेथील बोरी-बाभळी गेल्या. करडई, तीळ, कारळा ही कोरडवाहू तेलबियांची पिके मागे पडली. माशी मग गुऱ्हाळाच्या कढईभोवती आणि रसवंतीच्या गाड्याभोवती घोंगावू लागली. तेथे तिला साखर मिळते, तिचे ती पोळ्यात साठवणही करते. परंतु त्या साठ्यात फुलाचा अंश नसतो. ज्या थोडक्या द्रव्यांमुळे मधाला मधपण येते, तीच त्यातून गायब असतात.

ही गोष्ट माशीच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच बाजारातील बाटलीच्या बाबतीतही. उसाची साखर मधात मिसळली तर ती ओळखावी कशी, याचे उत्तर १९७८ साली व्हाइट व डोनर यांनी काढले. ऊस, मका, ज्वारी ही पिके हवेतील कार्बन ज्या पद्धतीने पकडतात, ती निंब-चिंच-करंजासारख्या झाडांहून निराळी आहे. त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण किंचित जास्त असते आणि ते यंत्राने मोजता येते. उसाचे पाप असे उघडे पडू लागताच भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण भात हे दुसऱ्या, म्हणजे निंब-चिंचेच्याच गटातील पीक आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये देशातील १३ छापांच्या मधाच्या तपासणीचा अहवाल जाहीर केला, तेव्हा त्यांतील केवळ ३ सर्व चाचण्यांना उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष अमान्य केले. तरी त्या अहवालाने घराघरातील गृहिणीच्या मनात जी शंका जागी केली ती रास्तच होती. आपण लेकराला औषध म्हणून जे चाटवतो ते फुलाचे आहे की कारखान्यातील पाकाचे, हे जाणण्याचा तिला अधिकार आहे.

माशीलाही हेच औषध

वनस्पतींची ही द्रव्ये केवळ माणसाच्या उपयोगाची आहेत, असा समज मात्र नसावा. २०१३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात माओ, शूलर व बेरेनबॉम या संशोधकांनी दाखवून दिले की परागकणांच्या कवचातून मधात येणारे कुमारिक आम्ल मधमाशीच्या शरीरातील विष पचविण्याची यंत्रणा जागी करते. ते आहारात मिळालेल्या माश्यांच्या आतड्यात एका कीटकनाशकाचे विघटन सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ असा की मध काढून घेऊन बदल्यात नुसता साखरेचा पाक ठेवला, तर माशीचे पोट भरते, पण तिच्या अंगची प्रतिकारशक्ती खालावते.

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. येथे कांदा पिकतो, कांद्याचे बीही धरले जाते. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगर येथे १९९८ पासून कांदा-लसूण संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. कांद्याचे पांढरे गोंडे फुलले की बी भरण्यासाठी मधमाशी हवी असते. त्यातही अडचण अशी की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते, आणि ते माशीला रुचत नाही, असे १९७२ मध्येच अमेरिकन संशोधकांना दिसून आले होते. शेजारी दुसरी चांगली फुले असली तर माशी तिकडे जाते. कोणतीच फुले नसली तर ती मुळात त्या शिवारात टिकतच नाही. त्यातच ऐन फुलोऱ्यात भर सकाळी फवारणी झाली, तर गोंड्याखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडतो आणि पुढे गोंडे पोकळ राहतात. फवारणी सायंकाळी, माश्या परतल्यावर करावी आणि जवळच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे, एवढी साधी खबरदारी घेतली तर दोघांचेही नुकसान टळते.

विवेकाने घ्यावयाचे

मधाच्या गुणांची चर्चा करताना अतिशयोक्तीचा मोह फार होतो. तेव्हा जे निश्चित आहे तेवढेच सांगणे इष्ट. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मधाचा उपयोग होतो. पेनसिल्व्हेनियातील १०५ मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी कुट्टूचा मध दिलेल्या मुलांचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा अधिक शमला. जखमांवर वापरण्यासाठी निर्जंतुक केलेला मध रुग्णालयांत उपलब्ध असतो. घरच्या बाटलीतील मध खोल जखमेत घालणे योग्य नव्हे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यात क्वचित आढळणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा प्राणघातक आजार होऊ शकतो. जन्मलेल्या बाळाला मध चाटविण्याची चाल आपल्याही काही घरांत आहे. ती प्रेमापोटी आली असली तरी आता थांबविली पाहिजे. मधुमेहींनी मधाला साखरच समजावे. आणि मध गोठला म्हणून तो बनावट, ही समजूत टाकून द्यावी. सूर्यफुलासारख्या फुलांच्या मधात द्राक्षसाखर जास्त असल्यामुळे तो लवकर रवाळ होतो. शुद्ध मधाचाही तो स्वभावच आहे.

मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्या गावाला सह्याद्रीच्या रानाचा वारसा आहे. शिरूर-दौंडला तो नाही, पण आपल्या माळांचा आणि बांधांचा वारसा आहे. चर्चच्या आवारात, शाळेच्या कुंपणाला, दफनभूमीच्या कडेला, विहिरीच्या काठी आपल्या धर्मग्रामांत आजही पुष्कळ जागा रिकामी आहे. तेथे शोभेच्या परदेशी झुडपांऐवजी करंज, कडुनिंब, चिंच, शेवगा, बोर लावता येईल. चैत्रात निंब, वैशाखात करंज, त्यामागून चिंच, भाद्रपद-आश्विनात बोर आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत शेवगा, असा क्रम धरून लावणी केली तर त्या परिसरातील माशीला वर्षभर दाणापाणी मिळेल. बांधावर दोन ओळी तिळाच्या वा करडईच्या घातल्या तर उसाचे काही बिघडत नाही. या पावसाळ्यात ज्यांना रोपे लावावयाची आहेत, त्यांनी करंजाच्या शेंगा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गोळा करून ठेवाव्यात. बी ताजे असले म्हणजे चांगले उगवते.